सरकारी ताट आणि घरचे ताट

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराध्यक्षाचे एक प्रकरण आहे. कोठार कसे भरावे, कोणते धान्य कांडल्यावर किती घटते, कोणत्या तेलबीतून किती तेल निघाले पाहिजे, ह्यांचा त्यात मोठा बारीक हिशेब केलेला आहे; आणि त्या हिशेबाच्या ओघातच एका पुरुषाच्या जेवणाचे माप येऊन जाते. एक प्रस्थ अखंड तांदूळ, त्याच्या चौथाईने डाळ, डाळीच्या सोळाव्या हिश्शाइतके मीठ, आणि डाळीच्या चौथाईने तूप किंवा तेल. स्त्रियांस ह्यातून पाव भाग कमी आणि मुलांस निम्मे. हलक्या दर्जाच्या माणसास डाळ व तेल दोन्ही उणे. राज्याच्या वतीने कोणी तरी बसून माणसाचे ताट मोजले, त्याचा आपल्याकडील हा फार जुना दाखला म्हणावा लागेल.

दुसरा दाखला तुम्हाआम्हांस अधिक जवळचा आहे. जुलै १९५७ मध्ये नवी दिल्लीत भारतीय श्रम परिषदेचे पंधरावे अधिवेशन भरले. कामगाराचे किमान वेतन कशाच्या आधारे ठरवावे ह्याविषयी सरकार, मालक आणि कामगार ह्या तिघांच्या संमतीने तेथे एक ठराव झाला. एका मिळवत्या माणसामागे कुटुंब धरावयाचे तीन ‘उपभोग-एककां’चे, त्याची रूढ फोड अशी की पुरुष एक, स्त्री अष्टमांश नव्हे तर दशांशाने आठ, म्हणजे ०.८, आणि दोन मुले प्रत्येकी ०.६. कौटिल्याची पाऊण स्त्री येथे चार-पंचमांश झाली आणि अर्धे मूल तीन-पंचमांश झाले. दोन हजार वर्षांच्या अवधीत सरकारदरबारी बाईच्या ताटात एक-विसांश आणि मुलाच्या ताटात एक-दशांश एवढी भर पडली, असे कोणी थट्टेने म्हटल्यास त्यास खोडून काढणे अवघड आहे.

ही थट्टा बाजूस ठेवली तरी एक गोष्ट उरतेच. केंद्र सरकारच्या सेवेत जो कोणी आहे, मग तो दिल्लीत असो, नागपुरात असो की गुवाहाटीस, त्याच्या वेतनश्रेणीच्या अगदी तळाशी एक ताट मांडलेले आहे. त्यात भात आहे, पोळी आहे, डाळ आहे, पालेभाजी आहे, फळही आहे. आपण वेतनवाढीचे कोष्टक पाहतो, महागाईभत्त्याचा टक्का पाहतो. पण ज्या पायावर ती इमारत उभी आहे ते ताट सहसा कोणी पाहत नाही. ते कोठून आले आणि आपल्या घरच्या ताटाशी त्याचे कितपत जमते, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

ह्या ताटाचे जन्मस्थान निलगिरीच्या डोंगरात आहे. रॉबर्ट मॅकॅरिसन नावाच्या लष्करी वैद्यक-खात्यातील डॉक्टराने १९१८ साली कुन्नूर येथील पाश्चर संस्थेत एका खोलीत बेरीबेरी ह्या रोगाचा शोध आरंभिला. गिरणीत पांढराशुभ्र सडलेला तांदूळ मुख्यत्वे खाऊन राहणाऱ्यांस हा रोग होई. त्या एका खोलीच्या कार्यातून पुढे १९२८-२९ च्या सुमारास पोषण-संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. मॅकॅरिसनचा जो प्रयोग पुढे जगभर सांगितला गेला तो मात्र उंदरांचा. हिंदुस्थानातील निरनिराळ्या लोकांचे आहार त्याने जसेच्या तसे शिजवून उंदरांच्या निरनिराळ्या गटांस खाऊ घातले आणि त्यांची वजने व आरोग्य ताडून पाहिले. शिखांच्या आहारावरील उंदीर पहिले आले. कोंड्यासह दळलेल्या गव्हाच्या पोळ्या, दूध, लोणी, डाळ आणि कच्ची भाजी असा तो आहार होता. दुसरे पठाणांचे. तिसरा क्रमांक मराठ्यांच्या आहाराचा लागला. सर्वांच्या तळाशी मद्रासेकडील, सडलेला तांदूळ आणि दूध-भाजी बेताची, हा आहार होता.

ह्या तिसऱ्या क्रमांकाने आपण छाती फुगवावी असे मात्र नाही. त्या काळी ह्या निकालावरून ‘लढाऊ जाती’ आणि ‘बिगरलढाऊ जाती’ असली भलतीच अनुमाने काढणारे लोक होते. उंदरांनी सिद्ध केले ते एवढेच की न सडलेले धान्य, दूध आणि हिरवी भाजी ही ज्या ताटात आहेत ते ताट चांगले. भाकरीच्या जोडीला चुका-चाकवत आणि ताक असलेला शेतकरी नकळत शास्त्रशुद्ध जेवत होता. तोच शेतकरी मुंबईच्या गिरणीत येऊन चाळीच्या खोलीत पांढरा भात आणि पातळ आमटी ह्यांवर राहू लागला की त्याचा क्रमांक घसरणारच. जातीचा प्रश्न तेथे नव्हता; वाण्याच्या दुकानाचा होता.

१९३५ साली मॅकॅरिसन निवृत्त झाला आणि त्याच्या जागी वॉलेस अॅक्रॉइड आला. डब्लिनला जन्मलेला आणि राष्ट्रसंघाच्या आरोग्य विभागात काम केलेला हा गृहस्थ. ह्याने १९३७ साली ‘हेल्थ बुलेटिन क्रमांक २३’ ह्या अत्यंत नीरस नावाखाली एक पुस्तिका प्रसिद्ध केली. भारतीय अन्नपदार्थांचे पोषणमूल्य आणि समाधानकारक आहाराची आखणी, हा तिचा विषय. नाचणी, बाजरी, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, अशा आपल्या बाजारातील शेकडो पदार्थांत प्रथिने किती, चुना किती, लोह किती, हे तीत कोष्टकांनी दिले होते. असमतोल आहार आणि समतोल आहार समोरासमोर मांडून, तांदळाचा काही भाग कमी करून त्या जागी भरड धान्य घ्या, डाळ वाढवा, पालेभाजी व थोडे दूध घ्या, असा तिचा साधा उपदेश होता. सरकारी पुस्तिकांना सहसा लाभत नाही असे दीर्घायुष्य हिला लाभले. तिच्या पुढील आवृत्त्या ज्यांनी सिद्ध केल्या त्यांत डॉ. व्ही. एन. पटवर्धन ह्यांचे नाव आहे. अॅक्रॉइडनंतर ही प्रयोगशाळा त्यांच्या हाती होती. पुढे ती कुन्नूरहून हैदराबादेस गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था ह्या नावाने ओळखली जाऊ लागली.

अॅक्रॉइडविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर जो चौकशी आयोग नेमला गेला त्याचा तो सभासद होता. मृतांची संख्या सुमारे १५ लाख असा आकडा आयोगाने दिला. आणि तो अंदाज आपणच केला होता व तो कमी होता, असे अॅक्रॉइडने १९७४ साली दुष्काळावरील आपल्या पुस्तकात लिहून ठेवले. आकडे करणाऱ्या माणसाने तीस वर्षांनी स्वतःचा आकडा स्वतःच खोडावा, हे आमच्या व्यवसायात फारसे आढळत नाही.

१९५७ च्या परिषदेने ह्याच अॅक्रॉइडचे नाव आपल्या ठरावात घातले. मध्यम श्रम करणाऱ्या प्रौढ भारतीयास त्याने सांगितलेल्या कॅलरी मिळाव्यात, व्यवहारात दिवसाला २७००. दरडोई वर्षाला १८ वार, म्हणजे चौघांच्या कुटुंबास ७२ वार कापड. सरकारी औद्योगिक गृहयोजनेतील किमान जागेइतके घरभाडे. आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. ठरावात आणखी एक वाक्य होते, त्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे: स्त्रिया, मुले आणि किशोर ह्यांची मिळकत हिशेबात धरू नये.

ठराव झाला त्याच सुमारास, ऑगस्ट १९५७ मध्ये, न्यायमूर्ती जगन्नाथ दास ह्यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा वेतन आयोग नेमण्यात आला. कर्मचारी संघटनांनी परिषदेच्या मापाने हिशेब केला आणि महिना १२५ रुपये किमान वेतन मागितले. आयोगाने देशाच्या ऐपतीकडे बोट दाखवून ते माप नाकारले आणि महागाईभत्ता धरून ८० रुपयांची शिफारस केली. पहिल्या आयोगाने १९४७ मध्ये ५५ रुपये दिले होते. मधल्या ४५ रुपयांच्या अंतराला, म्हणजे १२५ उणे ८० ह्या वजाबाकीला, आपल्या सेवेच्या इतिहासात मोठे स्थान आहे. कारण ११ जुलै १९६० च्या मध्यरात्रीपासून केंद्रीय कर्मचाऱ्यांनी जो पाच दिवसांचा देशव्यापी संप केला त्याच्या मागण्यांत हे गरजाधिष्ठित किमान वेतन होते. संप चालू होण्यापूर्वीच अध्यादेश काढून तो बेकायदा ठरविण्याची तजवीज झाली होती. अटका झाल्या, निलंबने झाली. संरक्षण-कामगारांचे नेते एस. एम. जोशी ह्या लढ्याच्या अग्रभागी होते, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. संप मोडला, परंतु ताट वेतनाच्या चर्चेतून उठले नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ह्या पाच घटकांत सहावा घातला: मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ, म्हातारपण व लग्ने ह्यांसाठी किमान वेतनाच्या २५ टक्के. आणि सातव्या वेतन आयोगाने नोव्हेंबर २०१५ च्या अहवालात १९५७ चेच माप पुढ्यात घेऊन, एकेक पदार्थ तोलून, १८,००० रुपये हे किमान वेतन काढले.

त्या अहवालातील कोष्टक प्रत्येक गृहिणीने एकदा वाचावे असे आहे. दर एककामागे दिवसाला तांदूळ किंवा गहू ४७५ ग्रॅम, डाळ ८० ग्रॅम, पालेभाजी १२५ ग्रॅम, इतर कच्च्या भाज्या १०० ग्रॅम, कांदा-बटाटा-टोमॅटो ह्या वर्गातील ७५ ग्रॅम, फळे १२० ग्रॅम, दूध २०० मिलिलिटर, साखर-गूळ ५६ ग्रॅम, तेल ४० ग्रॅम. कुटुंबाचा महिन्याचा हिशेब केला तर धान्य ४२.७५ किलो, डाळ ७.२ किलो, सर्व भाज्या मिळून २७ किलो, त्यांत पालेभाजी एकटी ११.२५ किलो, फळे १०.८ किलो, दूध १८ लिटर. शिवाय महिन्याला पाच किलो मांस, अडीच किलो मासळी आणि ९० अंडी. मांस न शिजणाऱ्या घरांनी ह्या ओळीचे काय करावे हे कोष्टक सांगत नाही. आणि महिन्याला अडीच किलो मासळी ही चौघांच्या मालवणी घराची थट्टा आहे की काय, असा प्रश्न कोकणातील आमच्या मित्रांस पडेल. पण हे किरकोळ आक्षेप झाले. ताट म्हणून हे ताट चांगले आहे. पालेभाजी भरपूर आहे, डाळ पुरेशी आहे, फळ विसरलेले नाही. मॅकॅरिसनच्या उंदरांनी त्यास निश्चित पसंती दिली असती.

अडचण ताटात नाही. ती किमतीत आहे, आणि तीही वेगळ्या प्रकारे. हे पदार्थ रुपयांत मांडताना सिमल्याच्या श्रम विभागाकडून, म्हणजे लेबर ब्यूरोकडून, जुलै २०१४ ते जून २०१५ ह्या बारा महिन्यांचे भाव घेऊन त्यांची सरासरी धरण्यात आली. हिशेबाच्या दृष्टीने ह्यात काही वावगे नाही. कोणीही लेखापाल हेच करील. परंतु सरासरी काढताक्षणी एक वस्तू ताटातून नाहीशी होते, ती म्हणजे ऋतू. जानेवारीतील मेथी आणि जूनमधील मेथी ह्यांची सरासरी किंमत कागदावर असते. त्या किमतीस मेथी बाजारात कोणत्याही महिन्यात मिळत नाही. जानेवारीत ती त्याहून कितीतरी स्वस्त असते, आणि जूनमध्ये शहाणी गृहिणी ती घेतच नाही.

सरासरी भावाने बारा महिने तेच पदार्थ घेऊ पाहणारे घर आणि जो पदार्थ ज्या महिन्यात उतरतो तोच घेणारे घर, ह्या दोघांचा पगार एक असला तरी ताट एक राहत नाही. बेताच्या पगारात चांगले जेवण घरी कसे शिजत आले, ह्याचे उत्तर वेतन आयोगाच्या अहवालात नाही. ते पंचांगात आहे. आपल्या लोकांनी ऋतूचे ताट किती काटेकोरपणे बसविले होते ते पाहण्यासारखे आहे.

शास्त्रग्रंथांची साक्ष जुनी आहे. चरकाच्या सूत्रस्थानात सहावा अध्याय आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तिसरा हे ऋतुचर्येस वाहिलेले आहेत. वाग्भट तर एका ऋतूचा शेवटचा आठवडा आणि पुढच्या ऋतूचा पहिला आठवडा मिळून ऋतुसंधी मानतो आणि त्या पंधरवड्यात जुने हळूहळू सोडून नवे हळूहळू धरण्यास सांगतो. आपण परप्रांतांत राहणाऱ्यांनी विशेष आपुलकीने आठवावा असा ग्रंथ मात्र दुसराच आहे. सतराव्या शतकाच्या शेवटी, तंजावरास व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयास रघुनाथ गणेश नवहस्त नावाचे एक मराठी पंडित होते. त्यांनी ‘भोजनकुतूहल’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. धान्ये, भाज्या, फळे, पक्वान्ने, त्यांचे गुणदोष असा त्याचा विषय. आणि संस्कृत नावांच्या जोडीस देशी भाषांतील, अर्थात मराठीतीलही, नावे त्यात येतात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे ह्यांनी ह्या रघुनाथपंडितांचा काळ व चरित्र चिकाटीने शोधून काढले. कावेरीकाठी राहून घरच्या भाजीचे नाव लिहून ठेवणाऱ्या ह्या पंडितास आपल्यापैकी पहिला ‘बदलीवरचा’ अन्नलेखक म्हणण्याचा मोह होतो.

ग्रंथ थोड्यांनी वाचले. सण सर्वांनी पाळले. आषाढ शुद्ध नवमीस कांदेनवमी. त्या दिवशी कांद्याची भजी आणि वांग्याचे भरीत पोटभर खावयाचे आणि मग चातुर्मासात दोन्ही बंद. वांगे पुन्हा ताटात यावयाचे ते मार्गशीर्षात चंपाषष्ठीस, खंडोबाच्या नैवेद्याला. पावसाळ्यात साठविलेला कांदा सडतो आणि वांग्यात कीड पडते, तेव्हा ह्या नियमाने काटकसर आपोआप साधे. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही. म्हणून त्या दिवशीची भाजी अळू, माठ, भोपळा, सुरण, परसातले जे काही असेल त्याची. गुढीपाडव्यास कडुनिंबाचा पाला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. तिच्या भाजीत गाजर, वांगे, पावटा, ओला हरभरा, ऊस, बोर असे पौषात शेतात जे जे असते ते सारे एका पातेल्यात, वर तीळ, जोडीस तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. ह्या साऱ्यांस ‘शास्त्रीय कारण’ चिकटविण्याची जी हौस हल्ली दिसते तिच्यात आम्ही सामील नाही. नियम करणाऱ्यांच्या मनात जीवनसत्त्वे नव्हती. त्यांच्या मनात पुण्य होते, व्रत होते. आणि शेतात त्या दिवशी जे उभे असेल तेच देवाला दाखविता येत असल्यामुळे व्रत आणि हंगाम एकमेकांस धरून राहिले. सातव्या आयोगाने ‘करमणूक, समारंभ आणि सण’ ह्यांसाठी १५ टक्के वेगळे काढून ठेवले आहेत. घरच्या हिशेबात सण हा वेगळा खर्च नव्हता. वर्षातून काही ठरावीक दिवशी स्वस्तातली हंगामी भाजी ताटात येण्याची ती व्यवस्था होती.

पालेभाजीचे अर्थशास्त्र विसाव्या शतकात पुन्हा मांडले गेले तेही महाराष्ट्राच्याच भूमीवर. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे ठाणे पडले. तेथे गांधीजींनी सडलेल्या तांदळाविरुद्ध, गिरणीच्या पिठाविरुद्ध आणि साखरेविरुद्ध, गुळाच्या बाजूने, मोहीम चालविली आणि स्वतःच्या ताटात निरनिराळे हिरवे पाले कच्चे घालून पाहिले. १९३५ च्या ‘हरिजन’ मधून ह्या पाल्यांविषयी ते लिहीत होते: गाजराची, मुळ्याची, सलगमाची पाने आपण फेकून देतो ती खाण्याजोगी आहेत, हा त्यांचा आग्रह. गांधीजींच्या स्वयंपाकास चव नसे ही तक्रार त्यांच्या भक्तांनीही केलेली आहे आणि ती खरीच असावी. पण त्याच काळात कुन्नूरला अॅक्रॉइड कोष्टकांनी जे सांगत होता तेच मगनवाडीत पानांनी सांगितले जात होते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

परप्रांतात बदलून गेलेल्या मराठी घराची खरी अडचण येथेच सुरू होते. बदलीच्या हुकमाबरोबर भांडी जातात, देव जातात, मुलांचे दाखले जातात. शेत जात नाही. दिल्लीत पावसाळ्यात टाकळा मिळत नाही, शेवळे मिळत नाहीत, फोडशी कोणी ऐकलेली नसते. पंचांगही फसवते, इकडचे महिने पौर्णिमेला संपतात, त्यामुळे शेजारणीचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो. अशा वेळी नवी गृहिणी ओळखीच्या नावाची भाजी शोधत हिंडते, ती दूरच्या बाजारात दुप्पट दामाने आणते, आणि दाराशी आलेल्या ठेल्यावरील स्वस्त हंगामी भाजी अनोळखी नावामुळे परत पाठवते. वस्तुतः त्या ठेल्यावर पुष्कळदा आपलीच भाजी असते. डिसेंबरात येथे ‘बथुआ’ म्हणून जो जुडीने मिळतो तो आपला चाकवत. उन्हाळ्यात इतर पाले संपल्यावर ‘चौलाई’ म्हणून येते ती माठ-तांदुळजाच्या कुळातली. ‘कुल्फा’ म्हणजे घोळ. ‘छोलिया’ म्हणजे ओला हरभरा. ‘तोरी’ म्हणजे घोसाळी-दोडकी, आणि ‘लौकी’ म्हणजे दुधी हे तर सर्वांस ठाऊकच आहे. आमच्या पत्नीने ही नावांची जुळणी पहिल्या दोन वर्षांत शेजारच्या मेरठकडील बाईंकडून करून घेतली, आणि दैनिक हिशेबाच्या वहीत भाजीचा आकडा त्या वर्षीपासून कसा उतरला हे वही सांगते.

वहीचा विषय निघाला म्हणून ते राहिलेले वाक्य. परिषदेने स्त्रियांची मिळकत हिशेबात धरू नये असे म्हटले ते कामगाराच्या हितासाठी. बायको कमावते म्हणून नवऱ्याचे वेतन कापले जाऊ नये, हा हेतू, आणि तो योग्यच होता. परंतु ह्या वाक्याच्या सावलीत स्त्रीचे श्रमही हिशेबाबाहेर राहिले. कोष्टकात ११.२५ किलो पालेभाजी आहे. ती निवडण्यास लागणारा वेळ नाही. चार महिन्यांची डाळ एकदम घेऊन उन्हात वाळविणे, स्वस्ताईत मटार सोलून ठेवणे, उन्हाळ्यात सांडगे-पापड घालणे, मुळ्याचा पाला न फेकता त्याची पीठ पेरून भाजी करणे, ह्या कामांस कोष्टकात ओळ नाही. तयार दुकानी अन्नाशी तुलना करावयाची तर घरच्या हंगामी ताटाची स्वस्ताई मुख्यत्वे ह्या न मोजलेल्या तासांतून येते. आज जेथे दोघेही कार्यालयात जातात तेथे ते तास नाहीत, आणि पगार दुप्पट असूनही ताट मात्र पूर्वीइतके हिरवे राहत नाही, ह्याचे कारण महागाईत शोधणाऱ्यांनी थोडे स्वयंपाकघरातही शोधावे. निवडण्याचे काम एकटीचे असते ह्या रूढीस आता सुट्टी द्यावयास हवी. मेथीच्या काड्या खुडण्यास पदवी लागत नाही आणि पुरुषास ती बाधतही नाही.

सरासरीवरून आणखी एक वाद आठवतो, तो आपल्याच माणसांचा. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ ह्यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. दरडोई २२५० कॅलरी हे माप त्यांनी दारिद्र्याच्या रेषेसाठी घेतले. त्यावर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे ह्यांनी आक्षेप घेतला. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे हे सुखात्मे रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. एकाच माणसाची उष्मांकाची गरज दिवसादिवसाला बदलते, शरीर त्याप्रमाणे जुळवून घेते. तेव्हा सरासरीच्या खाली गेलेला प्रत्येक माणूस भुकेलेलाच आहे असे धरू नका, असे त्यांचे म्हणणे. दांडेकरांस हे मान्य नव्हते. गरिबांच्या संख्येवर ह्यामुळे पांघरूण पडते, असा त्यांचा रोख. पुण्याच्या ह्या दोन विद्वानांचा वाद वर्षानुवर्षे चालला. शास्त्राचा निकाल लावण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. तरी सरकारी मापाच्या बाबतीत आमचे मत दांडेकरांच्या बाजूस झुकते. शरीर जुळवून घेते हे खरे असेल. पण वेतन ठरविणाऱ्याने त्या जुळवणुकीवर भिस्त ठेवली की ४५ रुपयांची वजाबाकी पुन्हा निघते. घराने ऋतूप्रमाणे जुळवून घ्यावे हे शहाणपण आहे. सरकारने ते गृहीत धरून ताट लहान करावे, हे शहाणपण नव्हे. अन्नटंचाईच्या १९६५ साली लालबहादुर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याची विनंती केली आणि घराघरांतून ती पाळली गेली. पण ती विनंती होती, वेतनाचे सूत्र नव्हते.

जानेवारी २०२५ मध्ये आठव्या वेतन आयोगाची घोषणा झाली, तेव्हा कचेऱ्यांतून नव्या किमान वेतनाच्या आकड्याविषयी पैजा लागल्या. त्याच आठवड्यात, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, दिल्लीतील मराठी घरांतून भोगीची भाजी झाली. लाल गाजरे होती, वांगी होती, छोलियाच्या रूपाने ओला हरभरा होता, बोरे होती. पावटा ज्यांना मिळाला नाही त्यांनी मटार घातला.